लेप वाळेपर्यंत

वाटीच्या काठाला वाळून बसलेला तो करडा थर (नख लावलं तर अख्खी खपली निघेल असा) सुलभा कधीची बघत होती, आणि एवढ्याशा चिखलाकडून आपण काय काय वसूल करायला बसलोय याचं तिला हसू येत होतं. पण हसायची चोरी होती. खामगावच्या दोन खोल्या. त्यातली एक स्वयंपाकाची, म्हणजे चूल आपली, मिठाची बरणी आपली, भाजीत तिखट किती हे ठरवणारी जीभ आपली. संध्याकाळी दार लोटलं की कडी आपल्या हाताची. पदर डोक्यावरून घसरला तर कुणी खाकरणार नाही. आणि तो... तो शाळेत शिकवून येईल, कोट खुंटीला अडकवील, आणि बोलायला दुसरं माणूस नाही म्हणून तरी आपल्याशी बोलेल. नुसता नफा. घालायचं काय, तर वडाचे कोवळे कोंभ, मसुरीची डाळ आणि थोडा वेळ गप्प बसणं. गप्प बसण्याचा साठा तर तिच्याजवळ लग्नाच्या आधीपासूनचा होता.

"बोलाचं नाई, हासाचं नाई, रडाचं तं नाईच नाई," लेप थापताना गोजरबाईंनी बजावलं होतं. "खालची कातडी हालली का चुण्या पडते, बाप्पा. अन् पुरा वाळू द्याचा नाई. वाळत आला का मले हाक मार... हाक कशी मारशीन, म्या काय बोलून राह्यली! टाळी वाजव. नाई तं उजळाचं सोडून काळवंडशीन."

गोजरबाई ही सासऱ्यांची बहीण, घरातल्या सगळ्यांची आत्याबाई. नवरा गेल्यावर साखरखेर्ड्याच्या या घरात परत आली ती गोठ्यातच रुजली. कुणाची गाय आटली, कुणाच्या पोराला उष्णता झाली की तिला बोलावणं. घरात तिला कुणी काही विचारत नसे, आणि न विचारलेल्या माणसाचं जसं होतं तसं तिचं झालं होतं — तिला सगळं येत होतं.

सुलभाच्या गालांवरचे वांग तिनेच पहिल्यांदा ओळखले. दुसऱ्या वेळेलाही पोटातलं टिकलं नाही, आणि पुढे महिनाभरात दोन्ही गालांवर तपकिरी डाग उमटले, जणू जाणाऱ्याने पोच देऊन जावं तसे. तोवर आरशाशी तिचं फारसं देणंघेणं नव्हतं. मग दिवाळीच्या सुट्टीत तिचा नवरा लक्ष्मीकांत खामगावहून आला; तिथल्या शाळेत तो मास्तर होता. तो नागपूरला शिकला होता. आईशी वऱ्हाडी बोलायचा आणि बायकोशी पुस्तकातलं. "तिकडे हेडमास्तरांच्या पत्नी सगळ्यांना चहाला बोलावतात," अंगरखा काढता काढता तो म्हणाला होता. "तुला चेहऱ्याचं काही करता आलं तर पाहा. मग बघू नेण्याचं."

मग बघू. या दोन शब्दांवर तिने सगळी सुट्टी काढली. बघू म्हणजे नेतो. बघू म्हणजे नेत नाही, पण तू रडू नकोस. बघू म्हणजे चेहरा बघू... तेव्हा चेहरा. लढाईमुळे दुकानात तोंडाला लावायच्या स्नोची बाटली दिसेनाशी झाली होती, आणि असती तरी मागायला जाणार कोण? म्हणून आधी मुलतानी माती, ताकात कालवलेली, तिने चेहरा असा ओढला की जेवताना जबडा उघडेना आणि सासूबाईंना वाटलं सून रुसली. मग संत्र्याची साल वाळवून, कुटून, सायीत. त्याने मुंग्या तेवढ्या आल्या. जायफळ उगाळून लावलं तेव्हा सासरे ओसरीवरून ओरडले, "आज बासुंदी हाये का बे?" आणि तिला भिंतीकडे तोंड करून हसावं लागलं... तेव्हा हसता येत होतं. शेवटी गोजरबाई स्वतःच वडाचे कोंभ घेऊन आली. हा लेप बरा होता. पाच-सहा वेळा लावल्यावर उजवा गाल, म्हणजे उजव्या गालाचा एक कोपरा, खरंच फिकटला होता. की उजेडाचा भास?

सोमवारी सुट्टी संपत होती. आज मला बघायला हवं त्याने. आजच. लेप काढल्यावर, चेहरा ओला असताना, दाराशी उजेड असतो तिथे मी उभी राहीन, काही मागणार नाही, नुसती उभी...

ओसरीवर आवाज वाढले.

"खानावळीचं खाऊन पोराच्या बरगड्या दिसून राह्यल्या," सासूबाई, रुखमाबाई, म्हणत होत्या. "कोनीतरी गेलंच पाह्यजे संगं."

"मी तेच म्हनतो, माय," लक्ष्मीकांत म्हणाला.

"पन सुनेले धाडलं तं इथं कसं? कापूस फुटला. वेचनीच्या बायाइच्या भाकरी का म्या थापू आता?"

"त्याची बायको हाये, त्याले विचार," वामनराव, तिचे सासरे, म्हणाले. "अन् तिले बी विचार. तिले तोंड दिलंय देवानं."

"माह्यं काई नाई," लक्ष्मीकांतचा आवाज. "तिची मर्जी."

आत माजघरात सुलभाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिची मर्जी! या घरात मर्जी नावाची वस्तू तिच्या नावावर पहिल्यांदाच मांडली जात होती. पण ज्याला न्यायचं आहे तो 'नेतो' म्हणत नाही आणि ज्याला टाळायचं आहे तो 'नको' म्हणत नाही. तो 'तिची मर्जी' म्हणतो. हे तिला कळलं. कळूनही तिने ओसरीकडे कान लावला.

रुखमाबाई उंबऱ्याशी आल्या आणि कमरेवर हात ठेवून बघतच राहिल्या. "अवं माय! भिताड लिपता लिपता तोंड बी लिपून घेतलं का?" मागे लक्ष्मीकांत येऊन उभा राहिला. "हे पाह्य, थो म्हन्ते तुह्या मर्जीवर हाये. सांग. खामगावले जाशीन, का इथं राह्यशीन?"

'येते.' शब्द तयार होता, ओठांच्या आतल्या बाजूला, ओला. वरचा ओठ किंचित हलला आणि नाकाशेजारी लेपाला बारीक तडा गेल्याचं तिला कळलं, एक सुई फिरल्यासारखं. तिने ओठ मिटले. जायचं तर चेहरा हवा. आणि जायचं म्हणायला तोच मोडायला हवा. थांबा, एवढं वाळू द्या... आणि तो आहे ना. त्याला माहीत आहे हे कशासाठी चाललंय, कुणी सांगितलं म्हणून चाललंय. तो म्हणेल, माय, लेप आहे तोंडाला, मागून विचार. एवढंच म्हणेल. तिने डोळे वर करून त्याच्याकडे पाहिलं — डोळ्यांभोवतीची जागा गोजरबाईंनी मोकळी ठेवली होती — आणि त्यानेही पाहिलं, तिच्याकडे नव्हे, लेपाकडे, मास्तर पाटीवरचं गणित बघतो तसं, उत्तर चुकलंय हे आधीच ठाऊक असल्यासारखं. मग तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"हो म्हनत नाई, नाई म्हनत नाई," रुखमाबाई म्हणाल्या. त्यांनी तसा बराच वेळ दिला. पुढे कुणी म्हणू नये की दिला नाही. "घर सोडवत नाई तिले. समजलं मले. गुनाची हाये पोरगी. मंग आत्याबाईले धाडू, त्या तं रिकाम्याच हायेत."

"बरं," लक्ष्मीकांत म्हणाला.

किती हलका होता तो 'बरं'. घट्ट बूट काढून ठेवावा तसा.

ते गेले. ओसरीवर पानाचा डबा वाजला. सुलभा बसून राहिली. टाळी वाजवायची वेळ कधीच टळून गेली होती, लेप कपाळावर, हनुवटीवर खेचत चालला होता, त्वचा आतून कुणीतरी चिमटीत धरल्यासारखी. आणि मग हळूच, कुणी बाहेरून सांगावं तसं तिला कळलं: मान लेपाखाली नव्हती. मान मोकळी होती. हात मोकळे होते. नुसती मान हलवली असती, दाराकडे बोट दाखवलं असतं... मग का नाही? लेपासाठी? पोरगी बघायला आले तेव्हाही मी मान खाली घालून बसले होते आणि याच बाई म्हणाल्या होत्या, गरीब हाये पोरगी. पहिलं मूल गेलं तेव्हा सुईण म्हणाली, तोंडातून शब्द नाई काढला, मानलं बाप्पा. दर वेळी गप्प बसले आणि दर वेळी शाबासकी मिळाली. आजही मिळाली: गुनाची हाये. ...की मी विचार करत होते की तो एकदा, एकदाच, मला मागेल? आणि त्याने मागितलं नसतं तर खामगावच्या त्या दोन खोल्यांत मी कुणाची म्हणून राहिले असते? नकार ऐकायला नको म्हणून मीच दुकान बंद केलं. आणि चांगली सबब होती, तोंडभर.

गोजरबाई शेणाचे हात पुसत आत आली. "अवं, टाळी काऊन नाई वाजवली? पुरा दगड झाला हा!" तिने तांब्यातल्या पाण्यात बोटं बुडवली आणि लेप भिजवायला लागली, कपाळ, मग गाल, वासराला चाटून काढावं तसं. खपल्या ओंजळीत पडत होत्या. "लाल झालं इथं. पन हा कोपरा... पाह्य, फिका झाला. खरंच झाला, बाई!" तिचं बोळकं हसलं. त्या हसण्यात लबाडी नव्हती, हे सुलभाला नकोसं झालं.

"आत्याबाई!" ओसरीवरून रुखमाबाईंची हाक आली. "बोचकं बांधून ठेवा. सोमवारी पोरासंगं खामगावले जाचं तुमाले. त्याचा सैपाक तुमच्याकडे."

गोजरबाईचं बोट सुलभाच्या गालावर थांबलं. "म्या?" ती म्हणाली, कुणालाच नाही. "मले कोनी विचारलं नाई... अन् गाय? आताच व्याली थे, दुसऱ्याले जवळ येऊ देत नाई..." मग एकदम खाली वाकून, कुजबुजत, "तुले विचारलं का नाई त्याइनं?"

"विचारलं."

"मंग? काय म्हनली तू?"

"तुमीच तं म्हन्लं होतं, आत्याबाई. बोलाचं नाई म्हून."

तिचा स्वतःचा आवाज तिला ऐकू आला, मऊ, कुठेही तडा नसलेला, आणि तो थेट रुखमाबाईंचा होता. बाहेर लक्ष्मीकांत वर्तमानपत्र उलटत होता; त्याच्यापर्यंत जायला माजघर आणि एक उंबरा. तोंड आता धुतलेलं होतं, जीभ मोकळी होती, अजूनही जाऊन म्हणता आलं असतं: मी येते, म्हातारीला राहू द्या. सुलभाने पाय हलतात का पाहिलं. हलत होते. पण ती उठली नाही. आणि आत कुठेतरी, जिथे रडू असायला हवं होतं तिथे, एक गार, सपाट समाधान पसरत गेलं. तिला त्याची भीती वाटली, आणि मग भीतीही वाटेनाशी झाली. रुखमाबाईंच्या घरातले हात घरातच राहिले. त्याला मनासारखं जेवण मिळालं आणि चहाच्या बोलावण्याला एकटं जाण्याची सोय. आपल्याला गालाचा एक कोपरा, आणि 'नको' हा शब्द त्याच्या तोंडून ऐकावा लागला नाही, हे. सगळ्यांचं काही ना काही जमेला पडलं होतं. किंमत भरणारी तेवढी एक म्हातारी, तिच्या कानामागे राहिलेला लेप अजून पदराच्या ओल्या टोकाने पुसून काढत होती.