अर्धा शब्द

तिने भिंतीवरच्या शेवटच्या ओळीतलं एक अक्षर नखाने उचकटून पाहिलं. ते सहज सुटलं. मग दुसरं. अक्षरं कोरलेली नव्हती, नुसती चिकटवलेली होती, आणि याचा दिलासा वाटायच्या ऐवजी तिला रागच आला. माणसाच्या जन्माला चिकटलेली गोष्ट भिंतीवरून मात्र अशी पापुद्र्यासारखी निघत होती.

"ताई, हात नका लावू!" संग्रहालयाची ध्वनियंत्रणा बघणारी मुलगी वायरीचं भेंडोळं टाकून धावत आली. "संध्याकाळी उद्घाटन आहे."

"म्हणून तर आत्ता काढतेय."

ओळ अशी होती : 'पहाऱ्यावरच्या साथीदाराच्या हलगर्जीपणामुळे हे केंद्र पकडले गेले.' साथीदाराचं नाव दिलेलं नव्हतं. नाव गाळून आपण केवढं औदार्य दाखवलं, असं लिहिणाऱ्याला वाटलं असणार. पण सगळ्या गल्लीला ते नाव पाठ होतं. तो तिचा दादा.

दालनाच्या मधोमध त्यांच्या चोरट्या रेडिओ केंद्राची खोली जशीच्या तशी उभी केली होती. बंद पडलेल्या धुलाई कारखान्यावरचा तो लाकडी माळा, उतरतं छप्पर, खिडकीला टेकवलेलं टेबल, त्यावर जुना पायमोजा घातलेला माइक. पायमोजा तिच्या वडिलांचा असायचा. हा नवाकोरा होता. खिडकीखाली एक सायकल उभी करून ठेवली होती. तिच्या हँडलला घंटाच नव्हती. कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. वरच्या भिंतीवर हातभर अक्षरांत ते वाक्य होतं, जे आता पिशव्यांवर आणि चहाच्या कपांवरही छापलं होतं : 'आमचा आवाज कुणाच्या परवान्याचा मिंधा नाही.'

सोळा-सतरा वर्षांची तीन पोरं होती ती. सरकारी रेडिओवर गावात कायम आलबेल असायचं. ही पोरं कुठल्या वस्तीत नळाला रंगीत पाणी येतंय, कुठल्या कारखान्यात कुणाचा हात गेला ते सांगायची. दोघं बोलायची, ती आणि भोंगा. भोंग्याचा आवाज सोळाव्या वर्षीच असा भरदार होता, की ऐकणाऱ्यांना वाटायचं कुणी पन्नाशीचे गृहस्थ बोलताहेत. दादाला बोलायचं काही जमायचं नाही. त्याने वडिलांच्या टेलिफोन कचेरीतल्या भंगारातून यंत्र जुळवलं, आणि यंत्र चालू झालं की तो खाली गल्लीच्या तोंडाशी सायकल घेऊन उभा राहायचा. परवाना खात्याची गाडी दिसली की घंटा वाजवायची, एवढंच त्याचं काम.

आणि घंटा वाजली की वरच्याने जिथे असेल तिथे थांबायचं. वाक्य पुरं करायचं नाही, शब्दसुद्धा नाही. 'पाणीपुरवठा' म्हणत असलं तर 'पाणीपुर' वर बटण बंद, तार आत, आणि मागच्या छपरावरून पसार. मग पुढच्या खेपेला कार्यक्रम सुरू व्हायचा तो 'वठा' पासून. लोकांना या गोष्टीचं फार वेड होतं. किराणा दुकानात, दाढी करताना लोक पैजा लावायचे, उरलेला अर्धा शब्द काय असेल म्हणून. त्या अर्ध्या शब्दांनीच ते केंद्र एवढं टिकलं.

शेवटच्या दिवशी तिचा घसा बसला होता, म्हणून ती घरी होती. वडीलही घरी होते, त्यामुळे रेडिओ लावायची सोय नव्हती. माळ्यावर भोंगा एकटा, खाली दादा. गाडी आली, शिपाई जिना चढले, सगळं गेलं. यंत्रातले भाग कुठून आले ते उघड झालं आणि वडिलांची नोकरी गेली. भोंगा म्हणाला, घंटा वाजलीच नाही. दादा म्हणाला, वाजवली. घरोघरच्या रेडिओवर खरखरच एवढी होती, की ऐकणाऱ्यांनाही खात्रीने काही सांगता येईना. ज्याच्यावर सगळं गाव विश्वास ठेवायचं त्याचा शब्द एका बाजूला, आणि बोलताना त-त-प-प करणारा मुलगा दुसऱ्या बाजूला. मोठ्या आवाजाचं खरं ठरलं. वडील वर्षभरात खचून गेले आणि मग गेलेच. आईने सगळं खापर दादावर फोडलं आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. भांडण नाही, तंटा नाही. घरात समोरासमोर असले तरी, "त्याला सांग, जेवून जा." "त्याला विचार, औषध आणलं का." एवढी वर्षं आई आपल्याच मुलाशी तिच्या तोंडून बोलत आली होती, आणि ती दोघांच्या मध्ये दुभाष्यासारखी उभी होती. तिने तरी दादाला कधी विचारलं होतं? तिलाही वाटायचं, लागला असेल डोळा, गेला असेल कुणाशी गप्पा मारायला. पोरवयच होतं ते.

"आलीस का गं छोटी?" भोंगा आला. सुती जाकीट, पांढरी दाढी, आणि आवाज अजून तसाच भरदार. प्रदर्शनाचा सल्लागार तोच होता, माहितीचे फलक त्याने सांगितले तसे लिहिले गेले होते. "काकू येताहेत ना? त्यांचा सत्कार पहिला ठेवलाय."

"ही ओळ तू लिहिलीस?"

त्याने भिंतीकडे पाहिलं, उचकटलेल्या अक्षरांकडे पाहिलं. "बघ, इतिहास आहे. नाव घेतलंय का कुणाचं? आणि मी तर त्याला केव्हाच माफ केलंय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून हयात घालवलेल्या, तोंडातून ब्र न काढणाऱ्या दादाला हा माफ करणार. तिने काही बोलायच्या आत तो हसत मुलीला म्हणाला, "हिला ती टेप ऐकव. परवाना खात्याच्या तळघरात सापडली, काय सांगू तुला. गाडीत बसल्या बसल्या पुरावा म्हणून त्यांनी शेवटचा कार्यक्रम भरून घेतला होता. अंगावर काटा येतो."

मुलीने तिच्या कानांवर हेडफोन चढवले.

सोळा वर्षांचा भोंगा बोलू लागला. तिच्या मनात नसताना तिला गलबलून आलं. माळ्यावरचा साबणाचा वास आल्यासारखं झालं. वाक्य चढत चढत गेलं, "आमचा आवाज कुणाच्या परवान्याचा मिं", आणि थांबलं. पापणी लवावी इतकंच. मग "धा नाही!" आणि पुढे आणखी बरंच काही, एका दमात.

तिने हेडफोन काढले नाहीत. "पुन्हा लाव."

झटका येऊन वाचा गेलेल्या माणसांना इस्पितळात पुन्हा बोलायला शिकवणं, हा तिचा रोजचा धंदा. माणूस श्वासासाठी कुठे थांबतो, शब्द आठवत नाही म्हणून कुठे थांबतो, आणि दचकून कुठे थांबतो, हे तिला झोपेत ओळखता आलं असतं. शब्दाच्या पोटात कुणी श्वास घेत नाही. आणि असा शब्दाच्या मध्यावर थांबायची सवय जगात तीनच माणसांना होती.

"ही टेप अशीच मिळाली का गं?" तिने मुलीला विचारलं.

"नाही ताई, फार खराब होती. साफ केलीय मी. रस्त्यावरचा आवाज, खरखर, सगळं काढलं. सर म्हणाले, नुसता माणसाचा आवाज राहू दे."

"मूळची आहे?"

मुलीने भोंग्याकडे पाहिलं. भोंगा जाकिटाची गुंडी बघत होता. "त्यात काही नाहीये ऐकण्यासारखं," तो म्हणाला.

"आहे का नाही?"

"आहे," मुलगी म्हणाली आणि तिने ती लावली.

खरखर. कुठेतरी कुत्रं. भोंग्याचं वाक्य चढत गेलं, "परवान्याचा मिं", आणि त्या फटीत, लांबून पण स्वच्छ, घंटा. ट्रिंग-टक. "धा नाही!" मग पुन्हा ट्रिंग-टक, ट्रिंग-टक. भोंगा बोलतोय आणि घंटा वाजतेय. आता जवळून, खिडकीच्या अगदी खालून. दादा जागा सोडून माळ्याखाली येऊन वाजवत होता. शिपायांच्या बुटांचा आवाज जिन्यावर आला तरी ती वाजतच होती.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. 

"तू ऐकलीस," ती म्हणाली. "ऐकून थांबलास. आणि मग पुढे बोललास."

"छोटी, लहान होतो आपण."

"तोही लहानच होता."

भोंग्याने खुर्ची ओढली, पण बसला नाही. त्याचा आवाज पहिल्यांदाच साधा झाला. "वाक्य जमलं होतं गं. दुसऱ्या दिवशी 'धा' पासून सुरू केलं असतं तर काय राहिलं असतं त्यात? मला वाटलं, एवढं पुरं करतो आणि थांबतो. मग थांबताच येईना. नंतर सगळ्यांसमोर तुझ्या वडिलांनी विचारलं, घंटा वाजली का? माझ्या तोंडून निघून गेलं. एकदा नाही म्हटल्यावर..."

"एका वाक्यासाठी."

"लोकांना ते वाक्य हवंय," तो भिंतीकडे हात करून म्हणाला, आणि आवाज पुन्हा भरला. "ती ओळ काढू या आपण. आत्ता काढू या. कुणाला कळणारसुद्धा नाही. पण ही टेप आज एवढ्या पाहुण्यांसमोर... तूच विचार कर."

म्हणजे इतक्या वर्षांचा कलंक कुणाला कळू न देता, गुपचूप, नखाने खरवडून टाकायचा. लावताना गावभर, काढताना चोरून. ती बोलणार तेवढ्यात दारातून आई आली. काठी टेकत, ठेवणीतलं लुगडं नेसून, ऐकू येण्याचं यंत्र कानात नीट बसवत.

"तो गाडी लावतोय," आई तिला म्हणाली. "त्याला सांग, फार उशीर होणार नाही. उन्हात उभा राहतो उगीच."

"आई, बस इथे. हे ऐक."

"काकू, आधी पाणी घ्या," भोंगा पुढे झाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. आईच्या कानातलं यंत्र तिने हलक्या हाताने काढलं, हेडफोन चढवले आणि मुलीला मान हलवून खूण केली. आई आधी नुसती ऐकत होती, दुसऱ्याच्या घरी बसावं तशी, काठीवर दोन्ही हात ठेवून. मग अचानक उठली. काठी पडली. हेडफोनची तार ताणली गेली.

"दार उघड," आई म्हणाली. "आला तो."

 आई स्वतःच दचकली आणि दालनाकडे, त्या खोट्या माळ्याकडे पाहत राहिली. त्या घंटेचं टोपण सैल होतं. आईनेच ते दोऱ्याने बांधून दिलं होतं, म्हणून तिचा दुसरा ठोका नेहमी आतल्या आत बसायचा. रोज संध्याकाळी तो आवाज ऐकून ती हातातलं काम टाकून दार उघडायला जायची.

"पुन्हा लाव गं बाळा," आई मुलीला म्हणाली.

पुन्हा लावली. आईने या वेळी शेवटपर्यंत ऐकली, बुटांच्या आवाजापर्यंत. मग हेडफोन काढून, आपलं यंत्र कानात बसवून ती उठली आणि दाराकडे चालू लागली. भोंग्याच्या जवळून तशीच पुढे गेली. तो "काकू" म्हणाला, तेवढंच.

बाहेर दादा फडक्याने गाडीची काच पुसत होता. आईला एवढ्यात बाहेर आलेलं पाहून त्याने मागचं दार उघडलं आणि सवयीने बहिणीकडे पाहिलं, निरोप काय आहे म्हणून. ती एक पाऊल बाजूला झाली. आज मी मध्ये नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. आत मुलीने मोठ्या कर्ण्यांवर टेप लावली असावी. कुणाला विचारून की न विचारता, कोण जाणे. उघड्या दारातून भोंग्याचा कोवळा भरदार आवाज आवारात आला आणि त्याच्यामागून ट्रिंग-टक, ट्रिंग-टक.

दादाचा काचेवरचा हात थांबला.

आई त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. तिला मान वर करावी लागली.

"वाजवली होतीस की रे."

 इतक्या वर्षांत त्याला तिने सरळ काही विचारलं नव्हतं.

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो, आई," दादा म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग तिला येत होता, बहिणीला, त्याच्याही वाटचा. आईने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण शब्द अर्धाच आला आणि तिथेच राहिला. दादाने तो पुरा व्हायची वाट पाहिली नाही. त्याने मागचं दार लावलं, वळसा घालून पुढचं उघडलं, आणि सीटवरचा डबा नि फडकी उचलून आईसाठी जागा केली.