दोरा तुटला की संगणक रुसायचा

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. नकोच बसू दे! मी एक जुनी भरतकामाची मशीन आहे, आणि एका आजारी संगणकाला मी एकटीने बरं केलं आहे.

मावशींच्या शिलाईच्या खोलीत आले तेव्हा माझी सुई अशी धावायची, की नक्षी आधी उमटायची आणि कापड मागून यायचं. शेजारची इस्त्री हे ऐकून नेहमी वाफ सोडते. सोडू दे.

पुढे संगणक आला. त्याला माझी भाषा येईना, म्हणून आमच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम दुभाषा म्हणून बसला. तो प्रत्येक नक्षीसाठी संगणकाच्या मेमरीत थोडी जागा मागून घेई आणि काम झालं की परत करी. तरी संगणक अधूनमधून ठप्प होई. बोल मात्र मला! "हिचं वय झालं," म्हणत मावशींनी एका दुपारी भंगारवाल्याला बोलावलं. माझ्या नेढ्यात पाणी आलं हो.

तेवढ्यात मावशींची भाची आली. ड्रायव्हर दुरुस्त करणं हाच तिचा धंदा.

"मावशी, माझ्या फ्रॉकवरचं बदक हिनेच काढलं होतं. हिला भंगारात?"

"मग कर ना दुरुस्त! खाली भंगारवाल्याला चहा दिलाय. कप रिकामा होईपर्यंत वेळ तुला."

भाचीने बदकांमागून बदकं काढून पाहिली. दुभाषा घेतलेली जागा इमानाने परत करत होता. "यात चूकच नाही गं," ती रडवेली झाली. खाली कप ठेवल्याचा आवाज आला.

तेव्हा मी काय केलं? बदकाच्या चोचीपाशी दोरा कडकन तोडला!

भाचीने पडद्याकडे पाहिलं आणि ओरडली, "सापडलं! दोरा तुटला की हा ड्रायव्हर काम अर्धवट टाकून पळतो, आणि घेतलेली जागा परत करायचं विसरतो. अशी जागा अडत अडत संगणकाला हलायलाही उरत नाही!"

"म्हणजे शेजारणीचं पातेलं आणायचं, आणि भाजी करपली की पातेलंही गिळायचं," मावशी म्हणाल्या.

भाचीने ड्रायव्हरमध्ये एक ओळ लिहिली: पळण्याआधी जागा सोड. मग कितीतरी दोरे तोडून पाहिले, संगणक हूं की चूं करेना. भंगारवाला नुसता चहा पिऊन गेला.

म्हणून मित्रांनो, काम बिघडलं तरी घेतलेलं परत करावं, म्हातारीला बोल लावण्याआधी तिचं दुखणं बघावं, आणि वेळ आली तर माझ्यासारखं हिमतीने स्वतःचा दोरा तोडून...

"अगं थापाडे!" इस्त्री फुसकन वाफ सोडत ओरडली. "तू तोडलास? मावशी तुझ्यावरून शेवटचा हात फिरवायला वाकल्या, तेव्हा त्यांच्या बांगडीत अडकून तुटला तो!"