चौथा खटका

मस्कतच्या त्या फ्लॅटमध्ये खंडेनवमीपासून खटका पडला की दिवा जात नसे. माणूस बंद पडे.

त्याचं असं झालं. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, तर घरात ना कोयता ना पहार. विळीसुद्धा मिरजेलाच राहिलेली. मग शैलजाने पॅसेजमधल्या विजेच्या बोर्डालाच हळदकुंकू वाहिलं. बोर्डावर चार खटके. नाव घेत घेत तिने एकेकाला कुंकू लावलं. पहिला नवऱ्याचा, हेमंतचा. दुसरा लेकीचा, मृणालचा. तिसरा आपला. चौथा उरला, तो तिने अण्णांना दिला. अण्णा म्हणजे तिचे वडील, निवृत्त शाळामास्तर, मिरजेत एकटे राहत.

दुसऱ्या दिवशी हेमंतचा खटका पडला. तो ओठाला कप लावून तासभर बसून राहिला. खटका वर केल्यावर म्हणाला, "चहा गारच दिलास की."

मृणाल दोरीवरच्या उडीत बंद पडली, तेव्हा तिचे पाय फरशीपासून वीतभर वर होते. शैलजाने आधी तिच्याखालचं झाडून घेतलं, मग खटका वर केला.

या दोघांची सवय झाली. अण्णांची होईना. दर शुक्रवारी सकाळी ते मृणालला फोनवरून पाढे शिकवत. एकदा "सतरा चोक" म्हणून थांबले ते थांबलेच. त्यांच्या मागे गॅसवरचं दूध उतू जाताना फोनमध्ये दिसत होतं. शैलजा बोर्डाकडे धावली. "अडुसष्ट," अण्णा म्हणाले, आणि मग त्यांना करपल्याचा वास आला.

पुढच्या शुक्रवारी त्यांचा खटका वर टिकेनाच. बोट काढलं की खाली. शैलजा खटक्याखाली बोट धरून उभी राहिली आणि हेमंतने इलेक्ट्रिशियनला बोलावलं. कुरियन आला, बोर्डाला कान लावला.

"मॅडम, चार नहीं चलेगा. तीन चलेगा. एक नीचे रखो."

"किती दिवस?" शैलजाने विचारलं. त्याला मराठी येत नव्हतं, पण समजलं.

"जब तक इधर हो."

हेमंत जरा विचार करून म्हणाला, "अण्णांचा खाली ठेवू. शुक्रवारी वर करायचा, पाढे झाले की खाली. एरवी तरी आपण त्यांना कुठे बघतो?"

"एरवी ते जेवतात रे."

पाढ्यांचा फोन मृणालच्या हातात चालूच होता. अण्णांनी सगळं ऐकलं होतं.

"शैलू, बाकावर दाटी झाली की मोठ्या मुलाने उठायचं. वर्गाचा नियम आहे. काढ बोट."

"तुम्ही गप्प बसा, अण्णा. गॅस बंद केलात का?"

"केला."

"बघून सांगा."

अण्णा उठले. फोनमध्ये रिकामी खुर्ची राहिली. बोर्ड तापून घूं घूं करत होता. कुंकू वितळून खाली ओघळत होतं आणि वायर जळाल्याचा वास पॅसेजभर पसरला.

"मॅडम, जल्दी," कुरियन म्हणाला.

"आई, मी काय करू?" मृणालने विचारलं.

"आजोबा परत आले की त्यांना म्हण, पुढचा पाढा घ्या."

मग शैलजाने डाव्या हाताने स्वतःचा खटका खाली ओढला.

बोर्डाचा आवाज थांबला. "हां, अब ठीक," कुरियन म्हणाला आणि पिशवी आवरून निघून गेला.

शैलजा होती तशीच उभी होती. डावा हात अर्ध्यावर, उजवं बोट अण्णांच्या खटक्याखाली.

"अगं, बंदच आहे गॅस," अण्णा फोनमध्ये परतले. "शैलू?"

हेमंतने तिचा खटका वर करायला हात पुढे नेला. तेव्हा त्याला तिचं बोट दिसलं. हात तसाच हवेत ठेवून तो उभा राहिला, आणि त्याचा खटका तर वरच होता.