दंडावरची दोन फुलं

यातला शब्दन् शब्द खरा आहे! खोटा निघाला तर माझे उरलेले चारही दात आत्ताच्या आत्ता गळून पडोत. त्यातला एक तसाही हलतोय, तो धरायचा नाही.

तर कुसाबाई दवाखान्याच्या बाकावर काठीसारखी ताठ बसली होती आणि काही केल्या चोळीची बाही वर करू देत नव्हती.

"साठ वर्सं झाली, माझ्या आंगाला दवाखान्याची सुई शिवली नाय," ती म्हणाली. "आता मरताना कशाला?"

"मरताना नाही हो मावशी, विमानात बसताना," सुलाबाई म्हणाली. "लहानपणी देवी काढल्या होत्या का, एवढंच सांगा."

सुलाबाई गांगुर्डे म्हणजे नाशिकच्या नगरपालिकेच्या दवाखान्यात देवी टोचणारी बाई. बावीस वर्षं हेच काम. हात असा हलका की एकदा तालमीतल्या एका पैलवानाला टोचलं, तर तो बाही वर करून तासभर तसाच बसून राहिला. शेवटी म्हणाला, "बाई, जेवायची वेळ झाली, कधी टोचणार?" आणि चिकाटी अशी की साथीच्या वर्षी पेठच्या डोंगरात एक गडी तिला बघून उंबरावर चढला, तर ही नऊवारीचा काष्टा आवळून मागोमाग उंबरावर. वरच टोचलं, आणि उतरताना चार उंबरं खाऊन आली.

साल चौऱ्याहत्तर. परदेशी जाणाऱ्याला तेव्हा पासपोर्टाच्या जोडीला एक पिवळं पुस्तक लागायचं. पुस्तक कसलं, चार पानं. पण त्यात देवी टोचल्याची तारीख आणि सरकारमान्य शिक्का नसला, की विमानातून उतरल्या उतरल्या तिकडचे लोक माणसाला वेगळं कोंडायचे, नाहीतर आल्या वाटेने परत धाडायचे. त्यातून बिहारकडे साथ जोरात होती, म्हणजे आपल्याकडच्या माणसाकडे सगळे डोळे वटारूनच बघणार.

कुसाबाई सिन्नरकडची, आणि निघाली होती लंडनला. तिची लेक सिंधू तिथे एका दवाखान्यात नर्स होती. तिची दोन पोटं पडली होती. या खेपेला आठवा लागला होता आणि डॉक्टरने पाय खाली टेकवायचा नाही म्हणून ताकीद दिली होती. नवरा कारखान्यात पाळीवर. करणार कोण? म्हणून तिने आईला तिकीट पाठवलं होतं. तिकीट शुक्रवारचं. आणि दवाखान्यात ही मंडळी आली होती सोमवारी.

"पिवळ्या पुस्तकाचं कुनी सांगितलंच नाय आमाला," कुसाबाईचा लेक वाल्मीक म्हणाला. त्याच्या हातात टोपी होती आणि टोपीचं पार फडकं झालं होतं. "काल मुंबईचा तिकिटवाला म्हनला, पुस्तक कुठंय? मी म्हनलं, आई शाळंत गेलीच नाय, पुस्तक कुठून आनू?"

कंपाउंडर देवराम फिस्सकन हसला. सुलाबाई हसली नाही. तिने पुन्हा तेच विचारलं. "मावशी, आधी कधी टोचलंय का? नीट आठवा."

"त्यात आठवायचं काय? नाय म्हंजी नाय!" कुसाबाईला आता उलट चेव आला. "देवीवाला तट्टावर बसून यायचा. शिवंवर घुंगरू वाजलं की माझी आजी मला उचलून कनगीत टाकायची आन् वर झाकन. एक डाव तर मी दोन दिस कनगीत व्हते. कच्ची बाजरी खाऊन. पोटातून कोंब यायचे तेवढे ऱ्हायले. सगळ्या गावाची पोरं टोचली, पन कुसी नाय घावली!"

"आये, गप की जरा," वाल्मीक कळवळून म्हणाला.

कारण त्या पुस्तकाचा नियम असा होता. ज्याला लहानपणी टोचलंय त्याला पुन्हा टोचलं की पुस्तक त्याच दिवसापासून चालायचं. पण ज्याला जन्मात पहिल्यांदा टोचतायत त्याने आठ दिवस थांबायचं, फोड धरला का ते दाखवायला यायचं, आणि मग पुस्तक चालू. कुसाबाई बढाई मारत होती, आणि एकेका शब्दागणिक तिचं विमान लांब लांब जात होतं.

"आठ दिवस लागतील," सुलाबाई म्हणाली.

"आठ? शुक्रवारी विमान हाय!"

"ऐकलं मी."

वाल्मीकने खिशातून एक चिठ्ठी काढली. कुठल्याशा नगरसेवकाची. सुलाबाईने ती न उघडताच डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. साहेब माणूस चांगला, पण भिडस्त. त्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा पुसला आणि हळूच म्हणाले, "सुलाबाई, टाका की आठ दिवस मागची तारीख. म्हातारं माणूस आहे. लेकीच्या बाळंतपणाला चाललंय, चोरी करायला नाही."

"साहेब, पुस्तकातली तारीख मी मागे नेईन. दंडावरची कशी नेऊ?" सुलाबाई म्हणाली. "पहिल्यांदा टोचलेला फोड ऐन आठव्या-नवव्या दिवशी भरतो. म्हणजे मावशी तिकडे पोचल्यावर तो पिकणार, त्यांना ताप येणार. आणि शेजारी दिवस भरत आलेली बाई, जिची दोन पोटं गेलीत. ती लस जिवंत असते. मांडीवर घेतलेल्या तान्ह्या पोराला मोठ्याच्या फोडाचं लागलेलं मी बघितलंय. ते पोर कसं दिसत होतं ते मला पुन्हा बघायचं नाही."

साहेबांनी चिठ्ठी पेपरवेटखाली सारली.

बाहेर येऊन सुलाबाईने हेच वाल्मीकला सांगितलं. तो भडकला. "तुमाला कागुद मोठा वाटतोय बाई. घरात लेक असती तर कळलं असतं."

सुलाबाईला दोन लेकी होत्या. ते काही तिने सांगितलं नाही.

कुसाबाई मात्र इतका वेळ तिच्याकडे निरखून बघत होती. "आडनाव काय म्हनलीस गं तुझं?"

"गांगुर्डे."

"हं," कुसाबाई म्हणाली आणि पदर जरासा आवरून बसली. आडनावावरून जात ताडणारे असले 'हं' सुलाबाईने बावीस वर्षांत गावोगावी ऐकले होते. एकेका 'हं'चा एकेक रुपया घेतला असता तर गंगापूर रोडला बंगला झाला असता.

"चल रं वाल्या," कुसाबाई उठली. मघाचा चेव गेला होता. उठताना तिचा गुडघा कडकन वाजला आणि तिने भिंतीचा आधार घेतला. "सिंधूला तार कर. म्हनावं, आईचं येनं नशिबात नाय. कुनी शेजारीन बघ म्हनावं." आणि मग, कुणालाच उद्देशून नाही असं, "तिकडं शेजारनी तरी असत्यात का?"

ते ऐकलं आणि सुलाबाई दारात आडवी आली.

"मावशी, जायच्या आधी दंड दाखवा. टोचत नाही. नुसता बघते."

"नुसता?"

"सुई तिकडे ट्रेमध्ये आहे. माझे दोन्ही हात हे रिकामे."

कुसाबाईने नाखुशीने डाव्या हाताची बाही वर सरकवली. दंडावर हिरवंगार गोंदण. एकाखाली एक अशी दोन फुलं, रुपयाएवढी, भोवती पाकळ्याच पाकळ्या. वाल्मीकनेसुद्धा आईचा दंड कधी असा बघितला नव्हता, तो दुसरीकडे बघू लागला.

सुलाबाई बघत राहिली. मग म्हणाली, "फुलाच्या मधोमध ठिपका का नाही हो?"

"आँ?"

"गोंदणारीण आधी मधला ठिपका देते, मग भोवती पाकळ्या काढते. तुमची दोन्ही फुलं मधे कोरी आहेत."

"हां, ते व्हय. गोंदनारीनच म्हनली, पोरी, हितलं कातडं शाई धरीत नाय. मग भोवतीनं काढलं तिनं. लगीन ठरलं तवाचं हाय ते. नववं वरीस आसंल मला."

सुलाबाईने तिला हाताला धरून ओसरीवर नेलं. ऊन तिरपं येत होतं तिथे उभं केलं, दंड उन्हाला आडवा धरला आणि वाकून बघितलं. फुलाच्या पोटातली कातडी किंचित खोल होती, चकचकीत, आणि तिच्यावर लिंबाच्या सालीवर असतात तसे बारीक बारीक खड्डे. दुसऱ्या फुलातही तेच. त्यावरून तिने डोळे मिटून बोट फिरवलं. नाशिक तालुक्यातले निम्मे दंड त्या बोटाने वाचले होते.

आणि मग तिने काय केलं असेल? आनंदाने ओरडली? नाव नको. ती आत गेली, साबणाने हात धुतले आणि पाणी निथळत तशीच मोरीपाशी उभी राहिली. देवरामने विचारलं, "काय झालं बाई?"

"मला हवंय म्हणून दिसतंय का रे ते? का आहे म्हणून दिसतंय?"

"म्हंजे काय?"

"काही नाही." ती परत ओसरीवर आली आणि पहिल्यापासून पुन्हा बघितलं. मग डॉक्टरसाहेबांना बोलावून आणलं.

"तुम्ही खूण आहे म्हणताय ना? मग लिहा, मी सही करतो," साहेब लांबूनच म्हणाले.

"नाही साहेब. बोट लावा."

साहेबांनी बोट लावलं. एकदा, मग दुसऱ्यांदा. "अरेच्चा! हे तर जुनं टोचणं. अगदी स्वच्छ खूण आहे."

"काहीतरी बोलू नगा!" कुसाबाई उसळली. "आजीनं माझ्या केसाला हात लावू दिला नाय कुनाला!"

"आजीने तुम्हाला कधीपासून सांभाळलं?" सुलाबाईने विचारलं.

"आई गेली तवापासून. मी रांगत व्हते म्हनं."

"आणि त्याच्या आधी?"

कुसाबाईचा उजवा हात हळूहळू डाव्या दंडावर गेला आणि त्या दोन फुलांवर झाकणासारखा बसला.

"आजी म्हनायची," ती म्हणाली, "तुझी आई लय भित्री व्हती. माझ्याम्होरं शबूद काढायची नाय."

"भित्री बाई सासूच्या नकळत तान्हं लेकरू टोचून आणत नाही, मावशी," सुलाबाई म्हणाली.

कुसाबाई बाकावर जाऊन बसली आणि तिने आपणहून दंड पुढे केला. सुलाबाईने दुतोंडी सुई लशीत बुडवली आणि फुलांपासून चार बोटं लांब, कोऱ्या कातडीवर पंधरा टोचे दिले. कुसाबाईचे डोळे वाहत होते, पण ते काही सुईने नव्हे. पिवळ्या पुस्तकात दोन रकाने होते, पहिल्यांदा टोचल्याचा आणि पुन्हा टोचल्याचा. सुलाबाईने दुसऱ्या रकान्यात त्या सोमवारचीच तारीख घातली. साहेबांनी सही केली, शिक्का उठला.

"गुरुवारी मुंबईला जाताना दाखवून जायचं," सुलाबाईने बजावलं. "झाकून ठेवायचं, खाजवायचं नाही. खपली पडेपर्यंत लेकीचे कपडे हातात घ्यायचे नाहीत. विसरलात तर मी लंडनला येईन."

गुरुवारी ती दोघं एस्टीच्या आधी धावतपळत आली. दंडावर छोटासा लाल फुगवटा आला होता आणि तो सुकायलाही लागला होता. पूर्वी टोचलेल्याचं तसंच होतं, पटकन येतं आणि पटकन जातं. सुलाबाईने तो बघितला, बाही खाली केली आणि सोमवारपासून पहिल्यांदा पोटभर जेवली. देवराम सांगतो, अकरा भाकरी. मी म्हणते बारा.

दोन महिन्यांनी वाल्मीक पेढे घेऊन आला. सिंधूचं पत्र आलं होतं. त्याने ते सगळ्यांसमोर उभ्याने वाचलं. आई नीट पोचली. सिंधूला मुलगी झाली, साडेसहा पौंडांची, दोघी सुखरूप. नाव ठेवलं सुला. विमानतळावर मोठी रांग होती, आई घाबरली होती, बाही वर करूनच उभी होती. पण तिथल्या साहेबाने पुस्तकावरचा शिक्का बघितला न बघितला आणि परत दिलं. दंडाकडे मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

देवराम हसायला लागला. "घ्या बाई! उगाच आटापिटा केलात. मागची तारीख टाकली असती तरी खपली असती."

"त्याने नाही बघितलं," सुलाबाई म्हणाली. "मी बघितलं होतं." आणि रांगेतल्या पुढच्या माणसाची बाही वर करू लागली.

आता दातांचा प्रश्न आहे म्हणून सांगून टाकते. एक गोष्ट माझ्या पदरची आहे. त्या मुलीचं नाव सुला नाही ठेवलं. तिकडच्यासारखं कायसं ठेवलं, मला ते म्हणताही येत नाही. पत्रात सुलाबाईचं नाव कुठेच नव्हतं. 'त्या टोचणाऱ्या बाईंनाही सांगणे', एवढंच होतं, तेही शेवटी, कडेच्या जागेत आडवं लिहिलेलं. सुलाबाईने ते ऐकलं, अर्धा पेढा खाल्ला आणि अर्धा रुमालात बांधून घरी नेला. तिला पुष्कळ झालं तेवढं. मला नाही झालं. म्हणून बारसं मीच उरकून घेतलं.