तिसऱ्या ओळीतला सूर

“थांबा!” संचालकांनी हातातली काठी उचलली. चाळीस वादकांची वाद्यं जागच्या जागी थांबली. मागची चारशे पोरं मात्र अर्धा शब्द पुढे जाऊन गप्प झाली. “डावीकडची तिसरी ओळ. कोणाचा तरी सूर उतरतोय.”

डावीकडची तिसरी ओळ म्हणजे बाईंची शाळा.

बाई सव्वीस वर्षं गाणं शिकवत होत्या. तीन आठवड्यांपूर्वी वर्गात हाच सूर खुपला, तेव्हा त्यांनी नेहमीचा उपाय केला होता. पोरांना गायला लावायचं, ओळीमागून कान देत फिरायचं आणि सूर सोडणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. हात पडला भिंगरीच्या खांद्यावर. एका जागी दोन मिनिटं न ठरणारी पोर ती. शेजारी बाईंची लाडकी शिष्या, पाच वर्षं हाताखाली तयार झालेली. दोघींतलं कोण चुकतंय याचा विचार करायची बाईंना गरजच वाटली नाही. “तू नुसते ओठ हलव हं,” त्या भिंगरीला म्हणाल्या. “कोणाला कळणार नाही.” त्यानंतर त्या ओळीला त्यांनी पुन्हा कान दिला नाही.

आता शेवटच्या तालमीत संचालकांनी तेवढ्याच ओळीतल्या पोरांकडून गाऊन घेतलं. भिंगरीचे ओठ हलत होते, बाकी काही नाही. सूर तरीही उतरला. शेजारून.

चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती बाईंनी. पुढे जाऊन त्या शिष्येला हळूच म्हणाल्या, “तिथे जरा वर धर गं बाळ.” तेवढ्यावर ती सावरली. तीन आठवडे राहून गेलेलं काम चार शब्दांत झालं.

कार्यक्रमाला अजून तास होता. मागच्या खोलीत पोरं बिस्किटं खात होती. बाई मनाशी वाक्य जुळवत भिंगरीपाशी गेल्या. पण शिष्या शेजारीच बसलेली, समोर इतर शाळांच्या शिक्षिका.

“पाणी प्यायलीस का?” बाईंनी विचारलं.

“हो, बाई.”

“शू वगैरे?”

“झाली.”

“बरं,” म्हणून बाई पुढे सरकल्या. आपण इतक्या भेकड आहोत हे त्यांना आजवर माहीत नव्हतं.

कार्यक्रम झकास झाला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाई पडद्याआडून एकच तोंड बघत होत्या. एकही शब्द न चुकवता, मान डोलावत, भिंगरी मुकाट गात होती.

नंतर तिची आई गर्दीतून वाट काढत आली. बसमध्ये कंडक्टर होती ती. कामावरून तशीच, गणवेशात आलेली. “बाई, खोटं नाही सांगत, चारशे पोरांत हिचा आवाज मला वेगळा ऐकू आला!”

भिंगरीने बाईंकडे बघितलं. सांगू नका, एवढंच त्या नजरेत होतं.

“छान झालं,” बाई म्हणाल्या. त्यांना स्वतःची लाज वाटली.

आई दप्तर आणायला गेली तशी भिंगरी कानाशी आली. “एकदाही आवाज काढला नाही मी. शेवटी सगळी वाद्यं वाजायला लागली ना, तेव्हा आतून खूप येत होता. तरी दाबून धरला.”

आता मात्र बाईंना राहवलं नाही. त्या गुडघ्यांवर बसल्या. “ऐक. तुझा सूर चुकत नव्हताच. माझ्या कानांची चूक झाली. मला तालमीतच कळलं होतं, पण बोलायचा धीर झाला नाही.”



“म्हणजे आज मला गाता आलं असतं?”

“हो.”

भिंगरीने वळून रंगमंचाकडे पाहिलं. वादक वाद्यं पेट्यांत ठेवत होते आणि दोन कामगार तिसऱ्या ओळीची बाकं उचलून नेत होते.