पप्पांची गाठ

भटू पाटील रोज संध्याकाळी पोरीला एकच प्रश्न विचारायचा, आणि तो विचारल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नसे. सात वाजता लूमच्या खात्यातून, म्हणजे कापडाच्या कारखान्यातून, सुटायचं, सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या गर्दीतून सायकल काढत घर गाठायचं आणि हातपाय न धुताच ओरडायचं, "काय शिकनी बेटा आज?" ओरडायचं म्हणजे खरोखरच ओरडायचं. बारा वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला हळू कसं बोलतात ते आठवत नाही.

मग गायत्री, वय वर्षे सहा, इयत्ता पहिली, मिशनच्या शाळेचा निळा फ्रॉक अजून अंगावरच, भिंतीला पाठ लावून उभी राहायची आणि सांगायची. आज रुमालाने नाक पुसायला शिकवलं. आज उंचीप्रमाणे रांग लावली. डबा उघडायच्या आधी हात जोडून डोळे मिटायचे आणि देवाला थँक्यू म्हणायचं. पोपटाची एक कविताही होती, इंग्रजीतली. तिची आई सरलाबाई भाकरी थापता थापता हसायची. भटू नुसती मान डोलवायचा. त्या डोलवण्यात निम्मा अभिमान आणि निम्मी धास्ती असायची. प्लेगच्या साली अर्धी सुरत गावाकडे पळाली तेव्हा हे दोघंही शिंदखेड्याला गेले होते, आणि पोरीला चांगल्या शाळेत घालायचं एवढ्यासाठीच परत आले होते. आता ती त्या शाळेत जात होती, आणि चौथीत शाळा सोडलेल्या भटूला वाटू लागलं होतं, की आपल्याजवळ हिला शिकवण्यासारखं काहीच नाही. पोरगी शिकेल, मोठी होईल आणि एक दिवस आपल्याला विचारायचंच बंद करेल, या विचाराने त्याला जेवताना ठसका लागायचा.

म्हणून एका बुधवारी गायत्री रडवेली होऊन म्हणाली, "बुटनी लेस बांधानी शे. आपली आपण. मले येत नही," तेव्हा भटूचा आनंद पोटात मावेना.

"गाठ? अरे, गाठ तर आपला धंदा शे!"

आणि ते खरंच होतं. लूमवर सुताची तार तुटली की दोन टोकं शोधायची, अंगठा आणि बोटाच्या मधे फिरवायची आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारून लूम पुन्हा चालू करायचा. गाठ बारीक हवी, आवळ हवी, आणि सुटता कामा नये. सुटली तर कापडात डाग, आणि लूममास्तरच्या शिव्या आख्खं खातं ऐकणार. भटूच्या गाठीला मात्र बारा वर्षांत कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्याने गायत्रीला मांडीवर घेतलं, पांढऱ्या कॅनव्हासचा बूट पुढ्यात धरला आणि दोन संध्याकाळ तिच्याकडून ती गाठ घोटून घेतली. पोरीची बोटंही बापाचीच, चटकन शिकली. वर लेसची लांब शेपटं लोंबताना पाहून भटूने ती कात्रीने उडवली, कारण खात्यात शेपटं ठेवत नाहीत.

"देख, आते कोनी वढं तरी सुटाव नही," तो म्हणाला, आणि गायत्रीने डोळे मोठे करून मान हलवली.

आता यात काय चुकलं ते वाचणाऱ्याच्या केव्हाच लक्षात आलं असेल. भटूच्या आलं नाही. बिचाऱ्याने जन्मात लेसचे बूट घातले नव्हते. लग्नातसुद्धा त्याच्या पायात चपलाच होत्या.

शुक्रवारी तो घरी आला तर गायत्री उंबऱ्यावर बसलेली, एक पाय उघडा, दुसऱ्या पायात बूट तसाच. सरलाबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "दुपारपाईन अशीच बठेल शे. एक बूट खेची खेची काढा मी. दुसऱ्याले हात लावू देत नही."

भटूने विचारलं तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. सकाळी कवायतीत बुटात खडा गेला. गाठ सुटेना. वर्गाच्या सिस्टर कात्री घेऊन आल्या, तर हिने दोन्ही हातांनी बूट झाकून घेतला आणि म्हणाली, ही पप्पांची गाठ आहे, कापायची नाही. मग दिवसभर ती तो खडा पायाखाली घेऊन बसली, रांगेत चालली, लंगडत घरी आली.

भटूने खिशातली खात्यातली छोटी कात्री काढली. त्याने लेस कापली. खडा हरभऱ्याएवढाही नव्हता. टाचेला मात्र मोठा फोड आला होता आणि तो फुटला होता. पोरगी फोडाला हात लावला तेव्हा रडली नाही. गाठ कापली तेव्हा रडली. भटूला त्या रात्रीचं जेवण गोड लागलं नाही. दप्तरातल्या वहीत सिस्टरांनी इंग्रजीत दोन ओळी लिहून पाठवल्या होत्या. शेजारच्या शालिग्रामने वाचून सांगितलं, की उद्या वडिलांना बोलावलंय.

"नाव काढी टाकतीन पोरनं," सरलाबाई म्हणाली. भटूलाही तीच भीती होती. शनिवारी त्याने खाडा केला, इस्त्रीचा शर्ट घातला आणि गायत्रीला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलं.

सिस्टर फिलोमिना वसईच्या निघाल्या, मराठी बोलणाऱ्या. भटूचा अर्धा जीव तिथेच भांड्यात पडला. त्यांनी गायत्रीला बाकावर बसायला पाठवलं आणि भटूला दाराशीच थांबवलं.

"नाव काढायला नाही बोलावलं हो तुम्हाला. पण ही मुलगी माझ्याकडून लेस बांधायला शिकतच नाही. मी फासा करून दाखवते, ती हात मागे बांधून उभी राहते. कारण विचारलं, तर सांगते, पप्पांची गाठ सुटत नाही, तुमची सुटते."

भटूला हसावं की रडावं कळेना.

"बूट काढताना सुटली पाहिजे ना गाठ?" सिस्टर हळूच म्हणाल्या. "हे मी तिला सांगू शकते. पण मग मी खरी आणि तुम्ही खोटे, असं होईल. ते तिला नको आहे. आणि खरं सांगू, मलाही नको आहे."

भटूने आपल्या चपलांकडे पाहिलं. इतके दिवस आपण घाबरत होतो, की हिच्या लेखी आपण कुणीच उरणार नाही. आणि ही पोर आपल्या एका शब्दासाठी दिवसभर खडा तुडवत राहिली. त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि पोरीवरची माया दाटून आली. मग तो वर्गात शिरला आणि सगळ्या पोरांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सिस्टर, बुटाची गाठ मला येत नाही. मला शिकवा."

गायत्रीचा चेहरा पांढरा पडला.

पहिलीच्या बाकावर मोठा माणूस मावत नाही. भटू गुडघे छातीशी घेऊन कसाबसा बसला. सिस्टरांनी गायत्रीचाच बूट नवी लेस ओवून त्याच्या मांडीवर ठेवला. लेसचा सशासारखा एक कान असा, दुसरा कान असा, याच्या खालून तो काढायचा, आणि हलकेच ओढायचं. हलकेच ओढणं तर भटूच्या बोटांना ठाऊकच नव्हतं. पहिल्यांदा कान गायब झाला, दुसऱ्यांदा सवयीने गाठच बसली, तिसऱ्यांदा पोरं खो खो हसली. गायत्रीने मागे वळून त्यांच्याकडे असं पाहिलं की पहिल्या दोन रांगा गप्प झाल्या. मग ती उठली आणि बापाच्या खांद्याला टेकून उभी राहिली.

पाचव्या खेपेला बुटावर दोन कान उभे राहिले, वाकडे, पण उभे.

"वढ," भटू तिला म्हणाला.

"सुटी जाई ना, पप्पा."

"सुटाले पाहिजे बेटा. मना चुकनं. बुटनी गाठ सुटालेच पाहिजे. वढ."

तिने टोक धरलं, बापाकडे एकदा पाहिलं आणि ओढलं. लेस सळकन मोकळी झाली. भटूच्या हातची गाठ सुटली आणि त्यावर शिव्या पडल्या नाहीत, उलट चाळीस पोरांनी टाळ्या वाजवल्या, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

गायत्रीने बूट घेतला, फोडाला जपत पायात घातला आणि खाली फतकल मारून बसली. सिस्टर मदतीला वाकल्या, पण तिला मदत नको होती. जीभ दातांत धरून तिने एक कान केला, दुसरा केला, खालून काढला आणि हलकेच ओढला. दोन्ही कान सारखे आले, बापापेक्षा कितीतरी चांगले.

शेजारच्या बाकावरची गुजराती मैत्रीण आपला बूट पुढे करून म्हणाली, "मने पण शिखवाड ने. तने कोणे शिखवाड्यूं?"

सिस्टर तिथेच उभ्या होत्या. गायत्रीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मारा पप्पाए," ती म्हणाली, आणि मैत्रिणीची लेस हातात घेतली.