आखूड चेंडू

मी विदर्भाकडून रणजी खेळलो. डावखुरा फिरकी गोलंदाज. भारताच्या संघात कधी नाव आलं नाही. निवडीच्या दिवशी मी रेडिओजवळ बसलो की माझी बायको जयवंता म्हणायची, "चला जी, चेंडू टाका. तुमाले बोलावलं तं मी आवाज देतो."

मनीषनगरात आमच्या घराच्या बाजूला मातीची लांब पट्टी आहे. सकाळी दारात रांगोळी काढून झाली की उरलेल्या चिमटीनं जयवंता त्या पट्टीवर एक ठिपका द्यायची. चेंडू तिथं पडायला हवा. मग ती पायरीवर तांदूळ निवडत बसायची आणि माझा चेंडू अलीकडे पडला की ओरडायची, "आखूड पडला जी! त्या बॅटिंगवाल्याचा पाहुणचार करून राहिले का?"

खेळणं थांबलं, बँकेतली नोकरी संपली, पण ठिपका चालू राहिला. केस पांढरे झाले तरी माझा चेंडू त्यावरच पडायचा. तिचं ओरडणं बंद झालं. मी ऐकवायचो, "पाहय वं, हात अजून तसाच हाय." ती तांदूळ निवडत राहायची.

ती गेली. आमच्यात वर्षभर दारात रांगोळी काढत नाहीत. मीही चेंडूला हात लावला नाही. वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सून दामिनी रांगोळीचा डबा घेऊन बाहेर आली. मी चेंडू काढला. जयवंताच्या ठिपक्यावर एकदा चेंडू पडावा, एवढंच मनात होतं.

"बाबा, ठिपका कुठी देऊ?"

मला सांगता येईना. तो मी कधी दिलाच नव्हता. शेवटी स्टंप म्हणून मांडलेल्या विटांपासून, रणजी खेळताना मोजायचो तशी पावलं मोजली आणि जागा दाखवली.

पहिला चेंडू बराच अलीकडे पडला. दुसराही. जोर लावून टाकलेला तिसराही तिथंच.

"वर्षभरात हात गेला माहा," मी म्हणालो.

दामिनी खाली पाहत होती. "आताच नाही गेला, बाबा. आई दरसाल ठिपका तुमच्याकडं सरकवत होत्या. मी काहून म्हणून विचारलं, तं म्हणाल्या, बोलू नको वं, त्याइले टाकू दे."

मी विटांकडे पाहिलं, मग पडलेल्या चेंडूंच्या खुणांकडे.

"अलीकडं देऊ का?" तिनं विचारलं.

"नको. असू दे तिथंच."

मी चौथा चेंडू टाकला. तोही आखूड पडला. मी पायरीकडे पाहिलं आणि थोडा वेळ थांबलो.